नमुना क्रमांक 7

मांसाच्या प्रयोगशाळेत आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांवर जनावराची जात लिहिलेली नसते, नुसता आकडा असतो. जात कळली की मन आधीच निकाल लावून टाकतं. त्या दिवशी मी तो जात न कळताच लावला होता.

ट्रेमध्ये तीन बैलांच्या पाठीच्या लांब स्नायूचे काप होते, तिन्ही 14 दिवस थंडीत मुरवलेले. 3 क्रमांकात चरबीचं सुरेख जाळं. 9 मध्ये ते जेमतेम. आणि 7 फिका, सपाट. चरबीचा एक धागा दिसेल तर शपथ. "हा चामडं निघणार," असं म्हणत मी नोंदवहीत 7 पुढे पेन्सिलीनं तसं लिहूनही टाकलं.

काप 71 अंश सेल्सियसपर्यंत शिजवून गार केले आणि त्यांतून 1.27 सेंटिमीटर व्यासाच्या गुल्ल्या काढल्या. गुल्ली तंतूंच्या दिशेनंच निघायला हवी; जरा तिरकी गेली की आकडा खोटा येतो, त्यामुळे घाई करून चालत नाही. मग ती पात्याखाली आडवी ठेवायची आणि कापायला किती जोर लागतो ते बघायचं. 3 अपेक्षेप्रमाणे मऊ. 9 ला आलेख चढतच गेला. आणि 7 ला? थोडा चढला आणि लगेच उतरला. सहाही गुल्ल्या तशाच.

चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार! अर्धा तास नोंदी उलटसुलट तपासण्यात गेला. चूक काही सापडली नाही.

शेवटी कत्तलीच्या दिवशीच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेले तुकडे काढले, पातळ छेद घेऊन रंगवले. या रंगात प्राणवायूवर चालणारे तंतू गडद निळे दिसतात. 7 मध्ये बहुतेक तंतू फिके होते, म्हणजे झटकन आकुंचन पावणारे, साखर जाळणारे. तंतूंच्या जुड्यांभोवतीचे पडदे तर इतके तलम, की दोनदा फोकस करावा लागला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

यादी उघडली. 7 बेल्जियन ब्लू. या जातीत मायोस्टॅटिन जनुकातली 11 अक्षरं गळालेली असतात, त्यामुळे स्नायूंच्या वाढीवरचा लगाम सुटतो आणि गर्भातच तंतूंची संख्या वाढते. मांसाच्या मानानं कोलॅजेन, म्हणजे त्या पडद्यांतलं चिवट प्रथिन, कमी, म्हणून चरबीवाचूनही मऊ.

3 अँगस. 9 वशिंडाच्या ब्रह्मन जातीचा संकर, आणि त्याच्या छेदात मला काहीच वावगं दिसलं नाही. दिसणार कसं? कत्तलीनंतर कॅल्पेन ही विकरं तंतूंची आतली चौकट हळूहळू तोडतात. ब्रह्मन जनावरांत त्यांना अडवणारं कॅल्पास्टॅटिन जास्त असतं. 14 दिवस मुरवूनही काम अर्धवटच राहिलं होतं. हे सूक्ष्मदर्शकाखाली कळायचं नाही, त्याची चाचणी वेगळी.

नोंदवहीतलं 'चामडं' खोडायला गेले, तर सहकाऱ्यानं रबर लपवून ठेवलं होतं.