आधी वगळा, मग भर घाला

अभ्यासक्रम नवा करायचा ठरला की पहिली चूक ठरलेली: आहे त्यात भर पडते. कोडिंग येते, आर्थिक साक्षरता येते, पण जुने काहीच बाहेर जात नाही आणि तासिका तेवढ्याच राहतात. मग शिक्षक पोर्शन संपवण्याच्या मागे लागतात आणि नवा घटक वाचून दाखवण्यापुरता उरतो.

म्हणून आधी हिशेब करावा. आठवड्याला ५ तासिका आणि ३६ आठवडे धरले तर एका विषयाला १८० तासिका मिळतात. परीक्षा, कार्यक्रम आणि शिक्षकांच्या रजा यांत पाचवा हिस्सा गेला असे धरा, म्हणजे उरतात १४४. नियोजन या आकड्यावर करायचे, १८० वर नाही. त्यातही सुमारे २० तासिका उजळणीसाठी मोकळ्या ठेवाव्यात.

वगळण्याचे काम पाठ्यपुस्तक उघडून करू नये. प्रत्येक उपघटक एका कार्डावर लिहा आणि टेबलावर पुढच्या इयत्तेचे शिक्षकही बसवा. हा उपघटक पुढे कशाचा पाया आहे, हे तेच सांगू शकतात. गुणोत्तराला कात्री लावली तर पुढे शेकडेवारी, वेग, घनता, नकाशाचे प्रमाण हे सगळेच अडते. याच बैठकीत दुहेरी शिकवणेही सापडते. आलेख गणितात असतो, विज्ञानात असतो, भूगोलातही असतो. विज्ञानाला तो दुसऱ्या महिन्यात लागतो आणि गणितात सातव्या महिन्यात येतो. मग विज्ञानाचे शिक्षक तो घाईघाईने, वेगळ्या शब्दांत शिकवतात. गणितातला घटक अलीकडे आणला की दोन विषयांच्या तासिका वाचतात. नव्या विषयाला जागा मिळते ती इथूनच.

वेळापत्रकाचे दुखणे वेगळे आहे. प्रयोगाला साहित्यवाटप आणि सूचना १० मिनिटे, काम २५, आवराआवर १०, निरीक्षणांवर चर्चा १५, म्हणजे एकूण ६० मिनिटे लागतात. ४० मिनिटांच्या तासिकेत चर्चाच गळते, आणि शिकणे तर तिथेच असते! विज्ञान, कला आणि प्रकल्प यांना जोडतासिका, म्हणजे सलग दोन तासिका, द्याव्यात. सगळेच विषय मात्र जोडू नयेत. भाषा आणि गणित लहान मुलांना रोज थोडे थोडे लागते. शिवाय जोडतासिकेला मूल गैरहजर राहिले तर नुकसान दुप्पट होते.

शिकलेले विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. वर्गात याचा उपयोग सोपा आहे. तासिकेच्या सुरुवातीला ५ मिनिटांत ४ प्रश्न द्यावेत: दोन कालचे, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला. त्यांना गुण देऊ नयेत. गुण दिले की मुले शेजारच्या वहीत डोकावतात आणि कुणाला काय येत नाही ते कळतच नाही.

प्रश्नपत्रिका जुनी राहिली तर वरचे सगळे पहिल्या सहामाहीतच विरते. प्रश्नपत्रिकेच्या संविधान तक्त्यात, म्हणजे कोणत्या प्रकारच्या प्रश्नांना किती गुण हे ठरवणाऱ्या आराखड्यात, न पाहिलेला तक्ता, उतारा किंवा प्रसंग यांवरच्या प्रश्नांना पहिल्या वर्षी १५ टक्के गुण ठेवावेत, दरवर्षी थोडे वाढवावेत. एकदम अर्धी प्रश्नपत्रिका बदलली तर पालक आणि शिक्षक दोघेही बिथरतात. गुणदानासाठी निकष आधी लिहावेत आणि त्याच १० उत्तरपत्रिका दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे तपासाव्यात. फरक जास्त पडला तर दोष बहुधा निकषांच्या शब्दांत असतो.

एक गैरसमज फिनलंडबद्दलचा: तिथल्या शाळांनी विषयच रद्द केले, असा. तिथे विषय रद्द झालेले नाहीत. २०१६ पासून तिथे वर्षातून किमान एक बहुविषयक, म्हणजे अनेक विषय एकत्र गुंफलेला, घटक घ्यावा लागतो, इतकेच. तेवढ्यासाठीही शिक्षकांना एकत्र बसून आखणी करावी लागते. म्हणून वेळापत्रक लावताना एका इयत्तेच्या सर्व शिक्षकांचा आठवड्यातला एक ऑफ तास एकाच वेळी ठेवावा, आणि बदली तासिका द्यायला तो कधीच वापरू नये.