कच्छचे अमोनाइट : यंदा सुचर लाइन उतरवायला घेतल्या

संग्रहातला धोसा ऊलाइटचा खण संपत आला. हा कच्छमधला खडकाचा थर साधारण १६ कोटी वर्षांपूर्वीचा, लोहयुक्त बारीक गोल कणांनी भरलेला. आमच्या ओळखीच्या एका कॉलेजच्या संग्रहात त्याचे आणि त्याखालच्या कॅलोव्हियन (ज्युरासिक काळातला एक टप्पा) थरांतले, कच्छमधल्या जुमाऱ्याचे बरेच नमुने आहेत, आणि सरांनी ते हाताळायची मोकळीक दिली आहे.

यातले बहुतेक अमोनाइट (गुंडाळलेल्या कवचाचे, आता नामशेष झालेले समुद्री प्राणी) म्हणजे आतले साचे, कवचाच्या पोकळीत भरून घट्ट झालेला गाळ. अमोनाइटचं कवच अॅरागोनाइट या खनिजाचं, ते काळाच्या ओघात विरघळून जातं. बेलेम्नाइटचे (माखलीसारख्या प्राण्यांचे) दांडे, कालवं आणि ब्रॅकिओपॉड (दोन झडपांच्या कवचाचे समुद्री प्राणी) जास्त टिकाऊ कॅल्साइटचे, म्हणून ते त्याच थरात जसेच्या तसे मिळतात. कवच गेलं याची हळहळ मला वाटत नाही, कारण कवच गेल्यावरच सुचर लाइन दिसते. कवचाचे कप्पे पाडणारा आतला पडदा कवचाच्या भिंतीला जिथे टेकायचा, तीच ही रेषा.

कामाची पद्धत साधी ठेवली आहे. मऊ ब्रशने नमुना ओला करायचा, म्हणजे रेषा उठून दिसते. वाळायच्या आत तिरक्या उजेडात फोटो. मग पारदर्शक फिल्म गुंडाळून बारीक पेनने रेषा उतरवून घ्यायची. नमुन्यावर शाई अजिबात लावायची नाही. रेषेतले गोलसर फुगवटे तोंडाच्या दिशेला असतात आणि टोकदार फाटे मागे जातात, त्यामुळे फुटका तुकडासुद्धा कुठल्या बाजूने वाढत होता ते कळतं.

खरी गंमत शेवटच्या रेषांपाशी आहे. रेषा जिथे थांबतात तिथून पुढे प्राण्याचा राहता कप्पा. थांबण्याआधीच्या दोन-तीन रेषा एकमेकींना खेटून आल्या असतील, तर प्राण्याची वाढ पूर्ण झाली होती. माझ्या मते नाव शोधायला बसण्याआधी हे तपासलंच पाहिजे. मॅक्रोसेफॅलायटीस या अमोनाइटचं उदाहरण घ्या. मोठ्या नमुन्यांचं शेवटचं वेटोळं गुळगुळीत होतं, लहानांवर बरगड्या (कवचावरच्या उठावदार रेघा) शेवटपर्यंत राहतात. पूर्वी अशा लहानांना वेगळी नावं दिली गेली. माकोव्स्की (१९६२) आणि कॅलोमन (१९६३) यांच्या मांडणीनंतर अशा जोड्या एकाच जातीतले नर-मादी मानल्या जाऊ लागल्या. म्हणून अमोनाइटचे अभ्यासक स्पाथ यांचे कच्छवरचे खंड (१९२७–३३) उघडताना मी चित्रं मनापासून बघतो, पण नावांवर लगेच शिक्का मारत नाही. लहान नमुना पिल्लू आहे की पूर्ण वाढलेला, हे रेषांनीच ठरतं.

धोसाच्या माथ्यावरच्या गोट्यांच्या थरातले नमुने मात्र वेगळ्या डबीत ठेवले आहेत. तिथे गाळ फार हळू साचला आणि खालचे जीवाश्म उकरले जाऊन पुन्हा गाडले गेले, त्यामुळे शेजारी सापडलेले दोघे एकाच काळचे असतील असं गृहीत धरता येत नाही.

पुढचा खण ट्रायगोनिया या शिंपल्यांचा. त्यांच्यावरचा किचिनचा १९०३चा ग्रंथ हाताशी आहे. या कुळातली निओट्रायगोनिया ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात आजही जिवंत आहे, त्यामुळे बिजागरीच्या खाचदार दातांची तुलना ताज्या शिंपल्याशी करता येईल.

तुमच्याकडे कच्छचे अमोनाइट असतील, तर फोटो फक्त सपाट बाजूचे नकोत. वेटोळ्याच्या बाहेरच्या कडेचाही एक घ्या, पट्टी शेजारी ठेवून. रायनेकिया या दुसऱ्या अमोनाइटच्या बरगड्या त्या कडेवर मध्येच तुटतात, मॅक्रोसेफॅलायटीसच्या सरळ पलीकडे जातात.