मशीन पुतळा करतं, मग तुम्ही काय करता?

स्टुडिओत थर्माकोल कोरणारं, संगणकावर चालणारं सीएनसी मशीन दिसलं, की आलेला माणूस हमखास हे विचारतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

मी व्यक्तिशिल्पं करतो. 2 फुटांचं मॉडेल आजही शाडूत, हातानेच घडवतो. पूर्वी त्यावरून 10 फुटी पुतळा करायचा, तर लोखंडी सांगाड्यावर ढिगाने माती चढवायची आणि परकार, ओळंबा घेऊन एकेक बिंदू पाचपटीने मोजत न्यायचा. महिने जात. आता मॉडेल स्कॅन होतं, थर्माकोलचे तुकडे कोरून निघतात, ते जोडून वर मातीचा थर देतो. शेवटी साच्यात ओतल्यावर ब्राँझ थोडं आकसतं, तेवढी वाढही फाइलमध्येच धरता येते. माझी पाठ या मशीनने वाचवली आहे.

पण स्कॅनरला कानाच्या आतलं, मिशीखालचं, शेल्याच्या खोल चुणीतलं दिसत नाही. तिथे भोक राहतं आणि सॉफ्टवेअर ते गुळगुळीत बुजवून टाकतं. कोरणीची 2 मिलिमीटरची खूण मोठ्या पुतळ्यात 1 सेंटिमीटरची होते. लहान गालावर ती जिवंत वाटायची, मोठ्या गालावर व्रणासारखी दिसते.

त्याहून अवघड नजरेचं गणित. मॉडेल मी डोळ्यांच्या पातळीवर ठेवून घडवतो, पुतळा मात्र 8 फुटी चौथऱ्यावर जाणार. खालून पाहताना हनुवटी पुढे येते, कपाळ मागे पळतं, डोकं लहान वाटतं. म्हणून डोकं जरा वाढवायचं, मान थोडी झुकवायची. किती, ते पुतळागणिक बदलतं. मी थोडी माती लावतो, अंगणाच्या टोकाला जाऊन बघतो, परत येऊन काढतो, पुन्हा जातो. दिवस दिवस हेच चालतं.

सरदार पटेलांचा 182 मीटरचा पुतळा स्कॅनिंगशिवाय उभा राहिला नसता. पण स्कॅन करायला आधी शिल्पकार राम सुतारांनी घडवलेले सरदार लागले.

पुढच्या वेळी दुपारी चारनंतर या. तेव्हा मशीन बंद असतं, ऊन तिरपं पडतं आणि बुबुळाची खाच किती खोल हवी ते सावलीत कळतं. मी डोळे त्याच वेळी करतो.