हार्टलपूलमध्ये भेटलेलं मुंबईचं सागवान

न्यूकॅसलहून हार्टलपूलची गाडी पकडली तेव्हा पाऊस लागला होता. एका बाजूला उत्तर समुद्र, करडा आणि खवळलेला. इंग्लंडमधल्या या लहानशा बंदरगावात जायचं कारण एकच होतं: 'एचएमएस ट्रिंकोमाली'. 12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलेली युद्धनौका.

गोदीच्या भिंतीआडून आधी तीन डोलकाठ्या दिसल्या, मग काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं अंग. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, पागोटं घातलेला मिशाळ पुतळा. इतक्या दूर तो चेहरा बघून मला भरून आलं.

माझे आजोबा मुंबईच्या नौदल गोदीत सुतार होते. ते सांगायचे, ओकचं लाकूड लोखंड खातं, सागवान मात्र तेल पाजून ते जपतं. नेपोलियनशी लढता लढता इंग्रजांना ओक कमी पडू लागला, तेव्हा त्यांचं लक्ष मलबारच्या सागाकडे गेलं. त्याच सागातून मुंबईचे पारशी जहाजबांधणीकार जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ही नौका बांधली. तिच्या बांधणीचे पहिले नकाशे ज्या इंग्रजी 'जावा' जहाजातून मुंबईला येत होते, ते 1812 मध्ये अमेरिकनांनी लढाईत जिंकलं आणि मग जाळलं. नकाशे पुन्हा मागवावे लागले. वाडियांच्या गोदीत जहाजाचा कणा बसवताना पारशी रीतीने चांदीचा खिळा ठोकत.

तोफांच्या मजल्यावर थोडी रेंगाळले, पण माझा जीव खालच्या मजल्यात होता. तिथे वाकूनच चालावं लागतं. एका खलाशाच्या झोळीला जेमतेम 14 इंच जागा. दुरुस्तीला 1990 ते 2001 अशी अकरा वर्षं लागली, तरी निम्म्याहून जास्त लाकूड मूळचंच आहे. तिथल्या एका वयस्कर स्वयंसेवकांना विचारलं, "यातलं जुनं कुठलं?" त्यांनी एका काळपट, रुंद तुळईवर बोटांनी टकटक केलं. मी तळवा टेकवला. लाकूड गार होतं आणि वासल्याचे घाव हाताला लागत होते. मुंबईच्या कुणा सुताराचे असतील का ते? आजोबांनी क्षणात सांगितलं असतं.

मुंबईत वाडियांची अशी एकही लाकडी युद्धनौका आपल्याला बघायला उरलेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. इथल्या लोकांनी मात्र ती जिवापाड सांभाळली आहे.

रात्री बाबांना फोन लावला. जहाज केवढं, तोफा किती, काही नाही. पहिला प्रश्न, "खिळे बघितलेस का गं?"