व्हीटीयू गावात असली म्हणून काय झालं

भाचीची सेकंड पीयू (म्हणजे बारावी) झाली, सीईटी (कर्नाटकची प्रवेश परीक्षा) झाली, तिचा रँक आला आणि तेव्हापासून घरात रात्री जेवणं झाली की एकच विषय. ताई खानापूरहून दर रविवारी येते, पिशवीत कॉलेजांची चकचकीत पुस्तकं घेऊन. प्रत्येक पुस्तकावर काहीतरी नंबर. हे टॉप 200 मध्ये, ते राज्यात तिसरं, अजून एक कुठल्यातरी मासिकाच्या यादीत सातवं. मी इंजिनीअरिंग केलंय म्हणून मला सगळं कळतं असा तिचा समज आहे, आणि मला काही कळत नाही हे सांगायला मामा म्हणून लाज वाटते, म्हणून पंधरा दिवस बसून वाचलं.

पहिला गोंधळ युनिव्हर्सिटीचा. ताईचं म्हणणं, व्हीटीयू (विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी, इंजिनीअरिंग कॉलेजं जिला जोडलेली असतात ती) आपल्या बेळगावातच आहे, मच्छेजवळ एवढा मोठा कॅम्पस आहे, मग पोरीला बेंगळूरला कशाला पाठवायचं. तिला समजवायला भावजींचंच सर्टिफिकेट काढायला लावलं. भावजी आणि मी इथल्याच उद्यमबागेतल्या, कारखान्यांच्या भागातल्या, एकाच कॉलेजात शिकलो, तेच वर्कशॉप, तोच लेथ, मास्तर पण अर्धे तेच. त्यांच्या डिग्रीवर कर्नाटक विद्यापीठ धारवाड, माझ्या डिग्रीवर व्हीटीयू. कारण व्हीटीयू आली 1998 ला आणि त्याआधी आपल्याकडचं सगळं धारवाडलाच जोडलेलं होतं. बीए-बीकॉमवाल्यांचं पण तेच झालं, 2010 ला राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी झाली आणि कॉलेज तिथंच राहून वरचं नाव बदललं. तर युनिव्हर्सिटी परीक्षा घेते, सिलॅबस ठरवते, सर्टिफिकेट देते (ऑटोनॉमस कॉलेज असेल तर परीक्षा पण कॉलेजच घेतं). तुमची पोरगी रोज जिथं बसणार ते कॉलेज. युनिव्हर्सिटीचा रँक बघून कॉलेज निवडणं म्हणजे जिल्ह्याचा पाऊस बघून आपल्या शेताचा अंदाज बांधणं, खानापूर आणि अथणीचा पाऊस एक असतो काय?

मग एनआयआरएफ. हे केंद्र सरकारचं रँकिंग, पहिली यादी 2016 ला आली. इंजिनीअरिंगला 100 पैकी 30 मार्क शिकवणं आणि साधनं, 30 संशोधन, 20 पास झाल्यावर मुलांचं काय झालं त्याला, 10 बाहेरच्या राज्यातली मुलं, मुली, गरीब घरातली मुलं वगैरे किती त्याला आणि 10 लोकांचं मत काय त्याला. आता यातले संशोधनाचे 30 बघा. पेपर किती छापले, त्यांचा उल्लेख किती जणांनी केला, पेटंट किती. बीईच्या पोराला सर्किट्स नीट शिकवणारा मास्तर पेपर छापत नसेल तर या 30 मध्ये तो कुठंच दिसत नाही. आणि माहिती कॉलेजच भरून देतं, भाग घ्यायचा की नाही ते पण कॉलेजच ठरवतं. यादीत नाव नाही म्हणजे कॉलेज वाईट असं नाही, आणि आज दिसणारा नंबर एक-दोन वर्षांमागच्या आकड्यांवर उभा असतो.

जगाची रँकिंगं तर अजून लांबची गोष्ट. शांघायवाल्या यादीत तुमच्या माजी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना नोबेल किती मिळाले याला मार्क असतात. उद्यमबागेत आम्ही फौंड्रीची भट्टी बघितली, नोबेलवाला काय कुणी दिसला नाही.

नॅकचं (कॉलेजं तपासून दर्जा देणारी संस्था) वेगळं. तो नंबर नाही, ग्रेड आहे. 4 पैकी 3.51 पासून ए प्लस प्लस, 3.26 पासून ए प्लस, 3.01 पासून ए. एकदा मिळाली की काही वर्षं चालते, म्हणून फ्लेक्सवर ए प्लस दिसलं की कुठल्या साली मिळालंय ते विचारायचं. आणि ती अख्ख्या कॉलेजची असते, ब्रँचची नाही. ब्रँचला एनबीए (एकेका कोर्सला मिळणारी वेगळी मान्यता) बघायचं, कारण एकाच कॉलेजात एका ब्रँचला असतं आणि शेजारच्या ब्रँचला नसतं.

पण हे सगळं वाचताना एक कामाची गोष्ट सापडली. एनआयआरएफला कॉलेजनं जी माहिती भरून दिली ती पीडीएफमध्ये उघडी असते, कॉलेजच्या वेबसाइटवर पण टाकलेली असते, कुठंतरी खाली कोपऱ्यात. रँक सोडा, ती पीडीएफ वाचा. किती मुलं घेतली, त्यातली किती ठरलेल्या वर्षांत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढं शिकायला गेले आणि मीडियन पगार (सगळे पगार ओळीनं लावले तर मधला) किती. मास्तरांची यादी पण असते, शिक्षण आणि अनुभवासकट. पुस्तकात छापतात हायेस्ट पॅकेज किंवा ॲव्हरेज. समजा दहा पोरं आहेत, नऊ जणांना साडेतीन लाख आणि एकाला चाळीस, तर ॲव्हरेज येतो 7 लाख 15 हजार आणि मीडियन साडेतीनच. तुमची पोरगी त्या दहातली कुठली असणार ते तुम्हीच सांगा. ताईला हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प बसली.

आता आपल्या सीमाभागाची म्हणून जी गणितं आहेत ती कुठल्याच रँकिंगमध्ये नाहीत. कर्नाटकच्या सीईटीला सात वर्षं इथं शिकल्याचं स्टडी सर्टिफिकेट लागतं, शाळेत जाऊन सही-शिक्का घेऊन ठेवा, ऐनवेळी हेडमास्तर गावाला गेलेले असतात. पलीकडे महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी मुलांना प्रवेशाची वेगळी सोय आहे, पण त्याला त्यांची एमएचटी-सीईटी वेगळी द्यावी लागते आणि दाखले वेगळे. आमच्या पोरीनं ती दिलीच नाही, म्हणून सांगलीचं वालचंद हा विषय आपोआप संपला. ही माझी चूक, मी आदल्या वर्षीच सांगायला पाहिजे होतं. शिवाय मराठी शाळेतनं आलेल्या पोरांना इंग्रजी लेक्चर पहिलं सेमिस्टर डोक्यावरनं जातं, हॉस्टेलला सगळं कन्नडमधनं चालतं, त्याला कुठल्या यादीत किती मार्क?

शेवटी एका चालू दिवशी, ओपन हाऊस वगैरे नाही, साधा मंगळवार, भाचीला घेऊन दोन कॉलेजं बघून आलो. नावं लिहीत नाही. ज्याचा नंबर वर होता तिथली एक लॅब आम्ही असेपर्यंत कुलपातच होती, किल्ली कुणाकडं ते पण कुणाला माहीत नव्हतं. दुसरीकडं कॅन्टीनमध्ये थर्ड इयरची एक पोरगी भेटली, चहा घेत तासभर बोलली, कुठला विषय कोण शिकवतं, बस किती वाजता सुटते, इंटर्नशिप खरी की नुसतं सर्टिफिकेट. परत येताना भाची म्हणाली, "मामा, तू पंधरा दिवस काय बघूलालतास मग?"

ऑप्शन एंट्रीत (कॉलेजं पसंतीच्या क्रमानं भरायची असतात ती यादी) तिनं कुलूपवालं सातव्या नंबरला टाकलं. ताई अजून गल्लीत सगळ्यांना सांगते, टॉप 200 मधलं सोडलं म्हणून.