अण्णांचे पुस्तक खुले करताना अडलेले अकरा महिने

‘फक्त वाचनासाठी’ या दोन शब्दांनी माझे अकरा महिने खाल्ले. वडिलांचे पुस्तक विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंडातल्या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयात, ठेवण्याच्या कामात स्कॅनिंग, मजकूर ओळखणे, मुद्रितशोधन अशा बऱ्याच पायऱ्या होत्या. पण त्यांच्याविषयी कोणी विचारले तर मला फारसे काही सांगता येत नाही, कारण त्या पार पडल्या आणि मी विसरून गेले. लक्षात राहिला तो एका प्रकाशकाच्या कचेरीतला लाकडी बाक.

अण्णा माण तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. विहिरी, मोट आणि बैलांशी संबंधित शब्द त्यांनी गावोगाव फिरून गोळा केले आणि १९९८ साली त्यांचे १६८ पानांचे पुस्तक निघाले. पाचशे प्रती छापल्या होत्या. मोटेच्या तोंडाला बांधलेला जाड दोर तो नाडा, सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर, बैल ज्या उतारावरून खाली जातात ती धाव, मोटेचे पाणी जिथे पडते ते थारोळे, अशा शब्दांना त्यांनी गावागणिक फरकासह जागा दिली आहे. इंजिने आणि विजेचे पंप आल्यावर हे शब्द बोलणारी माणसे कमी होत जाणार, हे त्यांना दिसत होते. २०११ साली अण्णा गेले. पुस्तक त्याआधीच दुकानांतून नाहीसे झाले होते.

या सगळ्याला निमित्त झाले आप्पाकाका. शब्द गोळा करायला अण्णांच्या सायकलवर मागे बसून जाणारे हे त्यांचे धाकटे भाऊ. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, तेव्हा माझ्या भाच्याने त्यांना फोनवरचे टॉकबॅक शिकवले. बोट फिरवले की फोन पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतो, आणि काका त्यावर रोजचे वर्तमानपत्र ऐकतात. एक दिवस त्यांनी विचारले, “अण्णाचं पुस्तक ह्यात नाही का गं येत?” पुस्तकाची अक्षरजुळणी करणाऱ्या गृहस्थांनी जुनी फाइल जपून ठेवली होती, त्यांच्याकडून मी पीडीएफ करून घेतली आणि काकांना पाठवली. फोनने वाचायला सुरुवात केली ती इंग्रजी अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे. काका थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “पोरी, हे काय बरळतंय?”

त्याचे कारण नंतर कळले. त्या काळातले बहुतेक मराठी फाँट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, नव्हते. कळ दाबली की आत इंग्रजी अक्षर साठायचे आणि पडद्यावर त्याला देवनागरीचे रूप मिळायचे. डोळ्यांना ते मराठी दिसते, संगणकाच्या लेखी मात्र ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात. त्यामुळे अशा मजकुरात शोध लागत नाही आणि वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही त्यात मराठी सापडत नाही. त्या काळात जुळवलेली कितीतरी मराठी पुस्तके आज अशीच संगणकात असूनही मुकी आहेत. फाँट बदलून देणारी साधने मी वापरून पाहिली, पण त्यांनी ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार भलत्याच अक्षरांवर नेऊन बसवले. तेव्हा घरातली एक प्रत घेऊन पाने स्कॅन करणे आणि त्यावरून मजकूर नव्याने ओळखून घेणे हाच मार्ग उरला. (स्कॅन ३०० डीपीआयला करा आणि शिवणीकडची ओळ कापली जात नाही ना हे पहिल्याच पानाला पाहा. मी चाळिसाव्या पानाला पाहिले.)

एवढे श्रम घ्यायचेच असतील तर पुस्तक एकट्या काकांपुरते का ठेवायचे, असे दादा म्हणाला आणि मलाही ते पटले. तिथून प्रश्न हक्कांचा झाला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क चालतो, आणि ती साठ वर्षे मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. म्हणजे अण्णांचे पुस्तक आपोआप सर्वांचे होईल ते २०७२ च्या १ जानेवारीला. तोवर परवानगी वारसांची. अण्णांनी मृत्युपत्र केले नव्हते, म्हणून आई, दादा आणि मी असे तिघे.

इथवर पंधरा दिवस गेले. मग मी एक शहाणपणा केला: प्रकाशकाचेही ना हरकत पत्र घेऊन ठेवावे, म्हणजे पुढे कटकट नको.

जून २०२४ मध्ये मी पहिल्यांदा त्या कचेरीत गेले. जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, सुतळीने बांधलेले गठ्ठे आणि येणाऱ्यासाठी बाक. मालकांनी चहा मागवला, अण्णांची आठवण काढली आणि म्हणाले, “पत्र काय, देऊ की.” पतसंस्थेतली माझी नोकरी महिनाअखेरीला सुटी देत नाही, म्हणून दुसऱ्यांदा जायला जुलैचा मध्य उजाडला. तेव्हा कळले की पत्रासाठी आधी माझा अर्ज हवा. तो मी त्याच बाकावर बसून लिहिला. तिसऱ्या वेळी अर्ज सापडत नव्हता. चौथ्या वेळी तो सापडला होता, पण वकिलांना दाखवायचा राहिला होता. ऑक्टोबरमध्ये गेले तेव्हा मराठीला ३ तारखेला अभिजात दर्जा मिळालेला होता, आणि मालक समोर बसलेल्या एका लेखकाला आता मराठीसाठी काय काय करायला हवे ते तासभर सांगत होते. मी बाकावरून सगळे ऐकले. माझा अर्ज त्यांच्या कोपराखाली होता.

नकार देऊन टाकला असता तर मी इतकी चिडले नसते. “नाही” असे ते एकदाही म्हणाले नाहीत. डिसेंबरमध्ये त्यांनी खरी अडचण सांगितली: “बाई, तुम्ही म्हणता त्या परवान्यात कुणीही उद्या हे छापून विकू शकेल. मग आमचं काय?” ही शंका खोटी नव्हती. आपले काम इतरांना वापरू देण्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने असतात. त्यातल्या ज्या परवान्याखाली पुस्तक द्यायचे होते, त्यात लेखकाचे नाव देण्याची आणि बदल केल्यास तो मजकूरही त्याच अटींवर खुला ठेवण्याची अट असते, पण विक्रीला बंदी नसते. विकिस्रोतावरच्या पुस्तकांचे स्कॅन जिथे ठेवतात ते विकिमीडिया कॉमन्स ‘विक्री नको’ किंवा ‘बदल नको’ अशी अट असलेल्या फाइली घेतच नाही. मलाही आधी ते खटकले होते. आईला समजावून सांगितले तेव्हा ती भाजी निवडत होती. “कुणी छापून विकलं तर आपल्याला काय मिळेल?” तिने विचारले. काही नाही, मी म्हणाले. “आणि न छापता आत्ता काय मिळतंय?” असे म्हणून तिने जुडीची उरलेली मेथी माझ्याकडे सरकवली.

मालकांना हे सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या गोदामात चाळीस प्रती पडून होत्या आणि त्यांचे काय करायचे हा त्यांचा प्रश्न होता. जानेवारीत मी त्या चाळीसही प्रती निम्म्या किमतीला विकत घेतल्या. त्या अजून माझ्या दिवाणाखाली आहेत. त्यानंतरही फोनवर ‘पुढच्या आठवड्यात’ हेच उत्तर मिळत राहिले आणि शेवटी मे २०२५ मध्ये टपालाने पत्र आले. लेटरहेड, शिक्का, सही, सगळे व्यवस्थित. मजकूर एका वाक्याचा: सदर पुस्तक इंटरनेटवर विनामूल्य व फक्त वाचनासाठी ठेवण्यास आमची हरकत नाही.

त्या पत्राच्या भरवशावर मी आधीच एक चूक करून बसले होते. पत्र ‘आजच टाकले’ असे फोनवर ऐकून मी उत्साहाने स्कॅनची फाइल कॉमन्सवर चढवली आणि परवानगी येत असल्याची खूण तिला लावली. ही खूण तीस दिवसांपुरती असते. तेवढ्यात पुरेशी परवानगी पोहोचली नाही तर फाइल काढून टाकतात. हातात आलेले पत्र पाठवण्याजोगे नव्हते, कारण ‘फक्त वाचनासाठी’ म्हणजे नक्कल, बदल आणि विक्री या तिन्हींना बंदी. तीस दिवस संपले आणि फाइल गेली. नियम मी आधी वाचला होता, त्यामुळे रागवायला कोणी नव्हते. (काढलेली फाइल नंतर परवानगी पोहोचली की परत आणता येते. त्या रात्री मला ते ठाऊक नव्हते आणि मी जेवले नाही.)

गाठ सुटली ती आईच्या ट्रंकेत. १९९८ च्या डायरीत प्रकाशकांचे अण्णांना आलेले मूळ पत्र घडी घालून ठेवलेले होते: पहिली आवृत्ती पाचशे प्रती, लेखकास पंचवीस प्रती भेट, खाली प्रकाशकांची सही. करार म्हणावा असा कागद तेवढाच. पतसंस्थेच्या वकीलबाईंनी ते वाचायला दोन मिनिटे घेतली. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे पहिला मालक लेखक. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ नुसार तो लेखी हवा आणि देणाऱ्याची सही हवी. इथे अण्णांची सही असलेला कागदच नव्हता. तसा कागद असता आणि त्यात मुदत लिहिलेली नसती, तरी कायदा ती पाच वर्षांची धरतो. म्हणजे फार तर २००३ पर्यंत. प्रकाशकाला मुळात विचारायचीच गरज नव्हती. मी विचारले म्हणून त्यांना नाही म्हणण्याचा, खरे तर नाही न म्हणण्याचा, अधिकार मिळाला.

म्हणून ज्यांच्या घरी असे पुस्तक आहे त्यांनी आधी जुना कागद शोधावा आणि मगच कोणाच्या बाकावर बसावे. करारात मुदत आणि हस्तांतर स्पष्ट लिहिलेले असेल तर गोष्ट वेगळी. तो वकिलाला दाखवायलाच हवा.

पुढचे काम दहा दिवसांत झाले. आईच्या नावाने ईमेल काढला, आणि तिघांनी आपापल्या पत्त्यावरून कॉमन्सला परवानगीचे पत्र पाठवले. त्यात फाइलचे नाव, आपण वारस असल्याचे निवेदन, आणि परवान्याचे नाव आवृत्तीसह लिहावे लागते: क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.०. ‘खुले करीत आहोत’ एवढे मोघम लिहून चालत नाही. लगेच पोच म्हणून क्रमांक येतो, आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच क्रमांकाखाली करायचा. मुखपृष्ठ मात्र मी गाळले. ते चित्र एका चित्रकाराचे आहे, आणि त्याचा हक्क आम्हा तिघांच्या हातात नाही. फाइल परत आली त्या दिवशी मी पतसंस्थेत पेढे वाटले. कशाचे पेढे, हे कोणाला नीट समजले नाही.

विकिस्रोतावर डावीकडे ओळखलेला मजकूर आणि उजवीकडे पानाचे चित्र दिसते, आणि एकेक पान तपासायचे असते. यंत्राने बरेच बरोबर ओळखले होते, पण ‘मोटकऱ्यांनी’ होते तिथे पानोपानी ‘मोटकन्यांनी’ झाले होते, आणि ‘धाव’चा ‘घाव’ झाल्यामुळे बैल दर चार ओळींनी घावावरून उतरत होते. न तपासलेले पान लाल, एकाने तपासलेले पिवळे, दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवे. आपण पिवळे केलेले पान आपल्यालाच हिरवे करता येत नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात कलम ५२ (१) (झेडबी) आले. त्यानुसार अपंग व्यक्तीला वाचता यावे म्हणून पुस्तकाची तिला वापरता येईल अशी प्रत करून तिला दिली, तर तो हक्कभंग होत नाही. दृष्टिहीनांसाठी पुस्तके सुलभ करण्याच्या मराकेश कराराला २०१४ साली मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश होता, आणि सुगम्य पुस्तकालय हे अशा पुस्तकांचे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून चालू आहे. म्हणजे काकांसाठी कोणाच्याही पत्राची, अगदी आमच्याही, गरज नव्हती. स्कॅन तयार होते. मजकूर ओळखून तो जून २०२४ मध्येच त्यांच्या फोनवर टाकता आला असता. ते वर्षभर मला दर रविवारी विचारत होते आणि मी दर रविवारी ‘परवानगी यायचीय’ म्हणत होते.

आता ते ऐकतात. फोन ‘थारोळे’चा उच्चार जरा सपाट करतो, पण चालते म्हणतात. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, “सत्त्याऐंशी पानावर अजून घाव आहे बघ.” मी पान उघडले. होता. दुरुस्त केला आणि त्यांना पान पुन्हा उघडायला सांगितले. १६८ पैकी चौदा पाने अजून पिवळी आहेत. ती मी तपासलेली असल्यामुळे ती हिरवी करायला दुसऱ्या कोणाचे तरी डोळे लागतील.