तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडं सगळं भारीच असतंय ना?

लातूरला परत येऊन तीन वर्षं झाली, तरी हा प्रश्न आठवड्यातून एकदा येतोच. गंजगोलाईच्या बाजारात किराणा घेताना येतो, लग्नाच्या पंगतीत येतो. 2024 साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला तेव्हापासून तर जास्तच, कारण मी त्याच राज्यात आठ वर्षं काढली. परवा आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं. त्यांची मुलगी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालीय, जर्मनचा क्लास लावलाय. मी "हो हो, चांगलं असतं" म्हणून निसटलो. मग रात्रभर ते टोचत राहिलं.

आधी एक कबुली. तुमच्या डोक्यात जे जर्मनीचं चित्र आहे ते माझ्यासारख्यांनीच भरलंय. मी बर्फाचे फोटो पाठवले, ट्रामचे पाठवले. पहिल्याच रविवारी घरात पीठ नव्हतं आणि दुकानं झाडून सगळी बंद, म्हणून दिवसभर बिस्किटांवर काढला, त्याचा फोटो नाही पाठवला. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सहाला वाटतं रात्रीचे दहा वाजले, तेही कुणाला सांगितलं नाही.

पैशाचं विचारता, तर पगार ऐकला की आपण लगेच रुपयात गुणतो. तीन हजार युरो ठरले तर कर, आरोग्य विमा, पेन्शन कापून एकट्या माणसाच्या हातात दोन हजारांच्या जरा वर येतात. त्यातून घरभाडं, आणि भाडंही दोन जातीचं: थंड आणि गरम. थंड म्हणजे नुसत्या घराचं, गरम म्हणजे हीटर-पाणी वगैरे धरून. मी थंड भाडं ऐकून खूश झालो होतो. आत गेलो तर स्वयंपाकघरात ओटा नाही, बेसिन नाही, छताला दिव्याऐवजी नुसती वायर लोंबतेय. जुना भाडेकरू ओटा उचकटून घेऊन गेला होता. तिकडं बऱ्याच ठिकाणी तशीच रीत आहे. टीव्ही नसला तरी रेडिओ-टीव्हीची पट्टी घरटी भरावीच लागते, 2021 पासून महिन्याला 18.36 युरो.

पण हे सगळं अंगवळणी पडतं. अंगवळणी पडायला वेळ लागला तो केरवोखला.

हा शब्द त्यांचाच आहे, आणि 'केर' तिकडंही झाडण्याशीच संबंधित निघाला याची मला अजून गंमत वाटते. वोख म्हणजे आठवडा. दाराच्या मुठीला एक पाटी अडकवलेली दिसली की या आठवड्याचा केर तुमचा: जिना झाडायचा, पुसायचा, दारासमोरचा फुटपाथ साफ करायचा. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. माझ्या खालच्या मजल्यावर एक मोठा इंजिनिअर राहायचा, शनिवारी तोही बादली घेऊन गुडघ्यावर. मी पहिल्यांदा झाडलं तेव्हा पायरीच्या कोपऱ्यात धूळ राहिली, तर घरमालकीण बाईंनी काही न बोलता बोटानं दाखवली. आईला फोनवर सांगितलं, तर ती रडायच्या बेतात. "एवढं शिकून झाडूच मारायलास का रं?"

काकांच्या मुलीचंही तेच होणार आहे, आणि क्लासवाला ते सांगणार नाही. आपल्याकडं जीएनएम झालेली मुलगी इंजेक्शन, सलाईन, औषधं बघते. अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन देणं हे नातेवाईक करतात, नाहीतर मावशी. तिकडं नातेवाईक रुग्णाच्या उशाशी मुक्काम टाकत नाहीत, मावशी नसते, हे सगळं नर्सचंच काम. शिवाय जर्मन भाषेची बी-टू, म्हणजे बऱ्यापैकी सफाईनं बोलण्याची, पातळी गाठून शिक्षणाला तिथली मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून राबायचं, कमी पगारात. पोरगी जाऊ नये असं मी म्हणत नाही. हे तिनं विमानतळावर नाही, लातुरातच ऐकावं.

मग भारी काहीच नाही का? आहे. पाणी आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. तेव्हा आई फोनवर टँकरचं सांगत होती, घागरींची रांग किती लांब गेली ते सांगत होती, आणि मी तिकडं जर्मनीत भांडी विसळत होतो. माझ्या नळाचा आवाज तिला ऐकू जाईल म्हणून मी हळूच नळ बंद केला. त्या नळाचं पाणी लोक ग्लासात घेऊन तसंच पितात, फिल्टर नाही, काही नाही. याबाबतीत मी खोटी बढाई मारली नाही, उलट कमीच सांगितलं.

परत का आलो? आईचा गुडघा गेला आणि ती एकटी होती. देशप्रेम वगैरे काही नव्हतं.

आल्यावर एक सवय मात्र सोबत आली. शनिवारी मी आमच्या अपार्टमेंटचा जिना झाडतो. आई आतून ओरडते, "आत ये, लोक काय म्हणतील." लोक काय म्हणतील ते मलाही माहीत आहे, आपल्याकडं जिना कुणी झाडायचा हे जन्माआधीच ठरलेलं असतं. मागच्या शनिवारी मी दुसऱ्या मजल्यावर होतो तेव्हा काका भाजी घेऊन आले. ओल्या पायरीवरून कडेकडेनं वर गेले, वळून थांबले. मला वाटलं, जर्मनीचंच काहीतरी विचारतील.

"का रं," ते म्हणाले, "बाई आली नाही का आज?"